खडूच्या रेघेपलीकडे

या वर्षी बिबड्यांचं पाकीट आलं नाही.

गेली तीन वर्षं ते न चुकता येत होतं. ऊन तापायला लागलं, की धुळ्याहून जळगावला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते दिलेलं असायचं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वरून सुतळी, आणि सुतळीत खोचलेली वहीच्या पानाची चिठ्ठी. अक्षर शाळेतल्या बाईंचं असतं तसं, गोल आणि एका ओळीत. 'डॉक्टर, यंदा मिरची कमी घातली आहे. तुम्हाला सोसत नाही ना.' खाली नुसतं 'अक्का'. तीन उन्हाळ्यांची ती तीन पाकिटं माझ्या दवाखान्याच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर, कापसाच्या गुंडाळ्यांमागे ठेवलेली आहेत. एकाचीही सुतळी मी सोडलेली नाही.

यंदा पाकीट येणार नाही हे मला माहीत होतं. तरी परवा सकाळी शेजारच्या गच्चीवरून बिबड्यांच्या पिठाचा वास आला आणि मी फाटकापर्यंत जाऊन आलो.

आमच्याकडे उन्हाळा आधी नाकाला कळतो. भिजवून भरडलेली ज्वारी मोठ्या पातेल्यात रटरटत असते. त्यात तीळ, लसूण, जिरं. गल्लीतल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा पाळीने जमतात, आणि ऊन चढायच्या आत गरम पिठाचे गोळे ओल्या फडक्यावर पापडासारखे थापून गच्चीवर पसरलेल्या जुन्या साड्यांवर टाकतात. मग दिवसभर कावळे हाकायचे आणि एक बाजू वाळली की दुसरी करायची. अर्धवट वाळलेली बिबडी तेल-शेंगदाण्याबरोबर खायला मला लहानपणापासून आवडायची. आता त्या वासाने माझ्या उजव्या हाताचा तळवा चरचरतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी तसंही फारसं काही कुणाला सांगत नाही. आमची बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा तुमचे पेशंट जास्त बोलतात."

माझे पेशंट कुत्रे आहेत. गुरांचा डॉक्टर म्हणून मी सुरुवात केली. पुढे शिकून आलो, आणि जळगावच्या बाहेरच्या अंगाला, एका जुन्या कडुनिंबाच्या आधाराने, कुत्र्यांना पुन्हा चालायला शिकवणारा दवाखाना काढला. गाडीखाली सापडलेले, मणका मोडलेले, कमरेत धरलेले, लाडाने फुगलेले असे सगळे येतात. आमच्याकडे काचेची एक टाकी आहे. तिच्या तळाला फिरता पट्टा. टाकीत कमरेइतकं पाणी भरायचं आणि कुत्र्याला चालवायचं. पाणी त्याचं ओझं उचलतं, पायांना फक्त चालायची आठवण करून द्यावी लागते. इतर ठिकाणी हे पाणी कोमट करावं लागतं. आम्ही मे महिन्यात त्यात बर्फाच्या लाद्या सोडतो.

दवाखाना चालेल का, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. तो इतका चालला, की मला धाप लागली. रावेरकडचे केळीवाले नाना आपला जर्मन शेफर्ड केळीच्या पाल्यावर निजवून पिकअपमधून आणायचे आणि दारातूनच ओरडायचे, "डॉक्टर, कंद लावला का बारा महिन्यांत घड काढतो मी. तुम्ही ह्याचे पाय कधी काढता?" वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक भाऊ शिट्टी घेऊन यायचे. त्यांची पामेरियन टाकीत शिरली की हे बाहेरून कवायत घ्यायचे. "एक दो एक, एक दो एक!" त्या आवाजाने शेजारच्या खोलीतला लॅब्रेडॉर भुंकायचा, त्याची मालकीण म्हणायची, "आमच्या राजाला बीपी आहे हो," आणि तेवढ्यात वीज जायची. पट्टा थांबायचा. ओला कुत्रा पाण्यात उभा, मी बाहेर चिंब, खिशात फोन थरथरतोय, टेबलावर दुसरा वाजतोय. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी दिवसातून शंभरदा बघायचो आणि एकदाही त्यात किती वाजलेत हे माझ्या डोक्यात शिरायचं नाही.

हे सगळं मी कारण म्हणून सांगत नाही. पुष्कळ दिवस मी स्वतःला ते कारण म्हणूनच सांगितलं. गर्दी होती, वीज गेली होती, माणूस कमी होतं. सगळं खरं आहे, आणि त्यातलं एकही कामाचं नाही.

कामाचं होतं ते मंदाताईंच्या हातातला खडू.

मंदाताई माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत, मला भाऊ म्हणतात. यावलकडच्या. कुत्र्याच्या मानेखाली हात कसा घालावा हे मी पुस्तकातून शिकलो, त्या बहुतेक जन्मतःच शिकून आल्या. वीज गेली आणि कूलर बंद पडला, की खोलीत भट्टी व्हायची. म्हणून ज्यांचं पाण्यातलं काम झालंय त्या कुत्र्यांना अंगणात निंबाखाली ठेवायचं. सकाळी निंबाची सावली लांब, पार भिंतीला टेकलेली. ऊन चढतं तसं झाड ती सावली आत, बुंध्याकडे ओढून घेतं. चालता येणारं कुत्रं सावलीबरोबर आपणहून सरकतं. आमच्याकडची चालत नाहीत. म्हणून मंदाताई रोज सकाळी शहाबादी फरशीवर खडूने रेघा ओढायच्या. नऊची रेघ भिंतीशी, दहाची नळाशी, अकराची बुंध्यापासून चार हातांवर. त्या त्या वेळी सगळे पेशंट त्या रेघेच्या आत ओढून घ्यायचे, आणि बारानंतर अंगणात कुणीही नाही. खाली ओलं गोणपाट. काळी रबरी चटई, जी आतल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून होती, ती कधीही बाहेर न्यायची नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मंदाताईंच्या जिभेवर होतं.

चार उन्हाळ्यांपूर्वी अक्का आल्या.

धुळ्यात पांझरेपलीकडे, देवपुरात त्या एकट्या राहतात. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. सोबतीला एक करडा, काळ्या ठिपक्यांचा गावठी कुत्रा होता. ज्वारी आणि उडीद एकत्र दळले की जे पीठ पडतं त्याला आमच्याकडे कळणा म्हणतात. हा अगदी त्याच रंगाचा, म्हणून त्याचं नाव कळणा. अक्कांनी त्याला गच्चीवर बिबड्यांच्या राखणीला बसवलं होतं. कावळा कठड्यावर बसला, कळण्याने झेप घेतली, कावळा उडाला. कळणा दोन मजले खाली आला.

मी तपासत असताना त्या म्हणाल्या, "मी त्याला राखणीला बसवलं, डॉक्टर. चूक माझी."

"अक्का, कुत्रं कावळ्यामागे धावणारच."

"पण बसवलं मी ना?"

ही बाई दोष लगेच ओढून घेते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते मी विसरलो नाही. पुढे वापरलं.

कमरेच्या मागे कळण्याला जाणीव नव्हती. नखाशी चिमटा लावला तरी तो माझ्याकडे शांतपणे बघत राहायचा, जणू मी दुसऱ्याच कुणाला चिमटे काढतोय. मी अक्कांना सांगितलं की आशा थोडी आहे, कष्ट फार आहेत. त्या जळगावात भाच्याकडे मुक्कामाला आल्या. रोज सकाळी नऊला रिक्षातून कळण्याला आणायच्या, एक वाजता न्यायच्या. घरी दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, हे मी त्यांना बजावलं होतं. नाहीतर एकाच अंगावर पडून पडून कातडीला जखमा होतात. त्यांनी वर्गात वेळापत्रक लावतात तसं एक भाच्याच्या भिंतीवर लावलं. डावी, उजवी, डावी, उजवी.

तिसऱ्या आठवड्यात टाकीत कळण्याचा मागचा उजवा पाय हालला. अगदी जरासा, पाण्याने हालवावा तसा. पण ते पाणी नव्हतं. अक्का इतर वेळी पुस्तकी मराठी बोलायच्या, त्या एकदम अहिराणीत ओरडल्या, "हालना! मंदाताई, पाय हालना व त्यान्हा!" आणि काचेला कपाळ टेकून रडल्या. नाना, वरणगावचे भाऊ, राजाची मालकीण, सगळे टाकीभोवती जमले. भाऊंनी शिट्टी वाजवली. मी त्या दिवशी इतका खूश होतो, की घरी जाऊन आपणहून बोललो.

पाय हालणं वेगळं आणि पायाला कळणं वेगळं, हेही मी अक्कांना समजावलं होतं. कळणं अजून आलेलं नव्हतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी मंदाताईंनी सुट्टी मागितली. "भाऊ, उद्या माह्या जावेकडे बिबड्या हायेत. पाळी हाये. गेलं नाही तर बाई वर्षभर बोलत नाही मंग."

"जा, जा. मी बघतो."

"खडू खिडकीत ठेवते."

"हो, हो."

मी रेघा ओढल्या. हे मला नीट आठवतं, कारण ओढताना मला त्याची गंमत वाटली होती. दहाच्या सुमारास कळण्याचं पाण्यातलं काम झालं. वीज गेली. खोली तापली. मी त्याला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं. गोणपाट कुठे ठेवलंय ते सापडेना. आत फोन वाजत होता. दाराशीच गुंडाळी होती, ती काळी चटई मी उलगडली, कळण्याला उजव्या कुशीवर निजवलं, डोकं बुंध्याकडे. दहाच्या रेघेच्या आत. म्हटलं, फोन घेतो आणि येतो.

मग राजाला टाकीत घेतलं. मग वीज आली, गेली. मग कुणीतरी गाडीखालचं पिल्लू टॉवेलात गुंडाळून आणलं. त्याची मांडी बांधली. मग केळीवाल्या नानांनी त्यांचा कंद आणि घडाचा हिशोब पुन्हा ऐकवला आणि मी हसलोही.

मी हसत हसत खिडकीतून बाहेर बघितलं.

निंबाने सावली आत ओढून घेतली होती. कळण्याचं डोकं, मान आणि पुढचे पाय सावलीत होते. कमरेपासून मागचा सगळा कळणा पांढऱ्या उन्हात होता. कुणीतरी कुत्रा मधोमध दुमडून अर्धा उघड्यावर वाळत घातल्यासारखा. तो तडफडत नव्हता, ओरडत नव्हता. सावलीतल्या तोंडाला ऊन लागत नव्हतं आणि उन्हातल्या अंगाला काही कळत नव्हतं. मी धावत गेलो. त्याने मला बघून एक कान हालवला.

मी त्याच्या कमरेखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. चटई तव्यासारखी तापली होती. माझा तळवा भाजला. मी ओरडलो. आणि तो माझ्याकडे बघत होता, हा माणूस का ओरडला अशा नजरेने.

त्या क्षणानंतरचं मला सगळं आठवतं, त्याआधीचं एकच आठवत नाही. किती वाजले होते. मी त्याला आत नेलं, ओल्या फडक्यांनी अंग निववलं, उलटसुलट तपासलं. केसांखाली कातडी लालसर, एवढंच. भाजलेलं कधी कधी दोन-तीन दिवस वर येत नाही, हे मला माहीत होतं. एक वाजता अक्का आल्या. "आज कसा होता?" त्यांनी विचारलं.

"चांगला होता," मी म्हणालो. पहिलं खोटं ते.

दुसऱ्या दिवशी मंदाताई आल्या, आवरता आवरता त्यांनी विचारलं, "भाऊ, काळी चटई बाहेर कशी काय?"

"धुवायला काढली होती." दुसरं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता, तरी मी चार-पाच पेशंट बोलावले होते. सकाळीच अक्कांचा फोन. मी टाकीशी, एका हाताने कुत्र्याचा पट्टा धरलेला.

"डॉक्टर, कळण्याच्या उजव्या मांडीवर काहीतरी झालंय. हात लावला तर बिबडीसारखं कडक लागतंय."

बिबडीसारखं. हा शब्द कानातून जो आत गेला तो अजून बाहेर आलेला नाही. मी काय करायला हवं होतं ते एका वाक्याचं काम होतं. अक्का, परवा माझ्याकडून तो उन्हात राहिला. एवढंच. मी म्हणालो,

"दर दोन तासांनी कूस बदलत होतात ना अक्का?"

लक्षात घ्या, मी आरोप केला नाही. नुसतं विचारलं.

"बदलत होते," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली गेला. "परवा दुपारी घरी आल्यावर मला जरा डोळा लागला होता. तेव्हा उशीर झाला असेल."

"मग तेच. पडून पडून होतं तसं."

"म्हणजे माझ्याच हातून."

"होतं असं, अक्का. मनाला लावून घेऊ नका."

मी त्यांचं सांत्वन केलं. हेही लिहायचंच आहे. मला सगळ्यात मोठा धक्का खोटं बोलल्याचा बसला नाही, ते किती सोपं होतं याचा बसला. मी आयुष्यभर स्वतःला सरळ माणूस समजत आलो होतो. कमी बोलतो, म्हणजे खोटं बोलत नाही, अशी माझी समजूत. आणि इथे तर मला वाक्यं शोधावीही लागली नाहीत. ती जणू कपाटात तयार होती.

जखम उघडली ती तळहाताएवढी. पाण्यातलं काम बंद करावं लागलं, कारण उघडी जखम टाकीत नेता येत नाही. मलमपट्टी मी मन लावून केली. औषधात एका पैचीही कसूर नाही. केसपेपरवर मात्र 'पडून राहिल्याने झालेली जखम' असं लिहिलं. अक्का त्याला धुळ्याला घेऊन गेल्या. दर आठवड्याला फोन करायच्या, जखमेचा रंग सांगायच्या, वास सांगायच्या. विष अंगात भिनत गेलं. पोळ्याच्या आधी कळणा गेला. तेव्हाही फोनवर त्या म्हणाल्या, "तुम्ही फार केलंत, डॉक्टर. मीच कमी पडले."

पुढच्या उन्हाळ्यात पहिलं पाकीट आलं.

माणूस एखाद्या गोष्टीवर झाकण घालून तिच्यावर बसू शकतो. मी बसलो. दवाखाना वाढला. दुसरी टाकी आली. मंदाताईंनी काळी चटई एक दिवस न बोलता गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. मीही विचारलं नाही कुठे गेली. दर उन्हाळ्यात पाकीट यायचं, मी सुतळीवरून बोट फिरवून ते वर ठेवायचो. मंदाताई म्हणायच्या, "भाऊ, पोरकिडे होतीन त्याच्यात." मी म्हणायचो, "राहू द्या."

या फाल्गुनात देवपुरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान ठेवलं होतं. लुळ्या पडलेल्या जनावरांची घरी काळजी कशी घ्यावी, असा विषय. चाळीसेक माणसं. शाल-नारळ झाला. शाल अंगावर, नारळ मांडीवर घेऊन मी खुर्चीत बसलो होतो, सूत्रसंचालकांनी "कुणाला काही विचारायचंय का?" म्हटलं, आणि तिसऱ्या रांगेतून अक्का उठल्या. त्या तिथे आहेत हे मी पाहिलंच नव्हतं. केस पार पांढरे झाले होते.

"मला विचारायचं नाही, सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मी माझ्या कुत्र्याला मारलं."

हॉलमध्ये खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का, पोलिसांना बोलवू का मग?" मागच्या रांगेतल्या पोरी हसल्या. अक्का वर्गात थांबतात तशा हात मागे बांधून थांबल्या.

"हसून झालं? आता ऐका. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की दर दोन तासांनी कूस बदला. मला एका दुपारी डोळा लागला. त्या एका झोपेत त्याला जखम झाली, आणि तिच्यातच तो गेला. पाय हालायला लागला होता त्याचा. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं जनावर असेल, तर झोपू नका. मी पुन्हा कुत्रं पाळलं नाही, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही." मग माझ्याकडे बोट करून, "या माणसाने मला कधी एका शब्दानेही दुखावलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

मी उठायला हवं होतं. मांडीवरचा नारळ मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्याची शेंडी बोटात रुतत होती, एवढंच मला कळत होतं. माझ्या कमरेखाली त्या वेळी काही कळत नव्हतं. मी मान झुकवून टाळ्यांना नमस्कार केला.

व्याख्यानाला सोबत आलेल्या मंदाताई परतताना गाडीत शेजारी होत्या. पारोळा मागे पडला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊ, त्या बाईनं कूस बदलली व्हती."

मी गाडी चालवत राहिलो.

"मी पट्टी करताना पाहिलं ना. डाव्या अंगावर एक बी डाग नाही. कोपरावर नाही, घोट्यावर नाही. न बदलणाऱ्याचं कुत्रं असं नसते. मले तवाच दिसलं व्हतं. आन चटई बी दिसली व्हती."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुमी बोलसान म्हणून." मग काच वर करत, "चार वर्स वाट पाहिली, भाऊ. माह्यं बी चुकलंच ते."

म्हणजे माझ्या एका खोट्याने दोन बायकांच्या डोक्यावर माझं ओझं ठेवलं होतं, आणि दोघींनी ते उतरवून मागितलंही नव्हतं.

त्यानंतर अकरा दिवसांनी मी देवपुरात अक्कांच्या घरी गेलो. अकरा दिवस लागले, हेही लिहून ठेवतो. त्या गच्चीवर होत्या. निळ्या साडीवर बिबड्या वाळत होत्या. कठड्याच्या तारेवर चकचकीत कागदांच्या पट्ट्या बांधलेल्या, कावळ्यांसाठी. कोपऱ्यात एक स्टूल, रिकामं.

"या डॉक्टर! फोन तरी करायचा. तुमचं पाकीट बांधायचंच होतं."

मी बसलो नाही. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो आणि सरळ बोललो. "अक्का, तुमच्या हातून काही झालं नव्हतं. कळणा माझ्याकडे उन्हात राहिला. काळ्या चटईवर. मी त्याला ठेवलं आणि विसरलो. भाजलं होतं ते. मला त्याच दिवशी माहीत होतं."

त्यांच्या हातात एक बिबडी होती, उलटायला घेतलेली. ती तशीच राहिली. खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली, वळली, तिचा आवाज पुलाकडे विरून गेला.

मग त्या अहिराणीत बोलल्या. माझ्याशी कधीच अहिराणीत बोलल्या नव्हत्या. "कितला येळ व्हता तो उन्हामा?"

"माहीत नाही, अक्का."

"माहीत नही? तुम्हना भिंतवर घड्याळ शे. मी रोज दखू ते."

"मी बघितलं नाही."

"त्याले समजनं का?"

"मागचं नाही समजलं. डोकं सावलीत होतं." एवढ्यावर सोडता आलं असतं. पण आता काही ठेवायचं नव्हतं. "मला बघून त्याने कान हालवला."

तेव्हा त्या खाली बसल्या. स्टुलावर नाही, गच्चीच्या तापत चाललेल्या सिमेंटवर. मी म्हणालो, "अक्का, उन्हात बसू नका." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ते वाक्य जन्मभर पुन्हा कुणाला म्हणू शकणार नाही.

"चार वर्षं होतील," त्या म्हणाल्या, आता पुन्हा पुस्तकी मराठीत, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा. "चार वर्षं मी दुपारी झोपलेले नाही, डॉक्टर. डोळा लागू नये म्हणून उभी राहते. ओट्यापाशी उभी राहून डाळ निवडते. निवडलेलीच पुन्हा निवडते."

माझ्याकडे एकच शब्द होता, तो मी म्हटला. त्यांनी हात वर केला.

"माफी नको. ती मला देता येणार नाही आणि तुम्हाला नेता येणार नाही. त्या दिवशी मी चाळीस माणसांसमोर उभी राहिले. तुम्ही कुठे होतात?"

"खुर्चीत."

"नारळ होता मांडीवर."

"हो."

"मग आता तुम्ही उभे राहा."

"कुठे, अक्का?"

"ते तुम्ही बघा. मला चिठ्ठी नको, फोन नको. चारचौघांना कळेल असं सांगा. आणि माझं नाव घाला. नुसतं अक्का नको. अक्का गावात शंभर आहेत."

मी जिना उतरलो. आमच्याकडे दुपारच्या तोंडावर घरी आलेल्या माणसाला कुणी "जेवून जा" म्हटल्याशिवाय सोडत नाही. वैऱ्यालाही सोडत नाहीत. त्या काही म्हणाल्या नाहीत. वर बिबड्या उलटण्याचा आवाज येत होता, वाळलेल्या पानांसारखा, एकामागून एक.

आज सकाळी मंदाताईंनी अंगणात रेघा ओढल्या. मी खिडकीत उभा राहून बघत होतो. नऊ, दहा, अकरा. खडू संपत आला होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घ्या, बाराची तुमी ओढा." मी बुंध्याला चिकटून ओढली. त्यानंतर आत येऊन हे लिहायला बसलो.

तर उभा राहून सांगतो.

देवपूर, धुळे इथल्या तारामतीबाईंनी त्यांच्या कळण्याची कूस वेळच्या वेळी बदलली होती. त्यांना त्या दुपारी डोळा लागला, त्याने काहीही झालं नाही. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. कळणा त्या सकाळी माझ्या दवाखान्याच्या अंगणात, मीच अंथरलेल्या काळ्या चटईवर, मीच ओढलेल्या अकराच्या रेघेपलीकडे उन्हात पडून होता. किती वेळ, ते मला माहीत नाही.

तारामतीबाई, दुपारी झोपत जा.